नंदाखाल किती अक्षरांचं? पायथन दोनकडून पायथन तीनकडे जायला जगाला बारा वर्षं का लागली

(हा भाग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलण्यातलं "म्हणजे", "तर" थोडं कमी केलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. प्रोग्रामिंग लँग्वेजचं जुनं व्हर्जन सोडून नव्यावर का जायचं? ज्यांचा कोडिंगशी काही संबंध नाही त्यांनीही थांबा, कारण हा प्रश्न शेवटी आपल्या मराठी अक्षरांपर्यंत येतो.

सुरुवात एका सोप्या प्रश्नाने करू. वसई तालुक्यात नंदाखाल नावाचं गाव आहे. या गावाच्या नावात अक्षरं किती?

तुम्ही म्हणाल चार. नं, दा, खा, ल. बरोबर.

हाच प्रश्न पायथन दोनला विचारला, म्हणजे साध्या अवतरणचिन्हांत नंदाखाल लिहून त्याची लांबी मागितली, तर नेहमीच्या यूटीएफ-८ फाइलमध्ये उत्तर येतं २१. पायथन तीनला विचारलं तर उत्तर येतं ७.

चार, सात आणि एकवीस. तिन्ही आकड्यांना आपापला अर्थ आहे. पण २१ वरून ७ वर यायला जगभरच्या प्रोग्रामर लोकांना बारा वर्षं घासावी लागली. आजची गोष्ट त्या बारा वर्षांची.

१२८ खणांची पेटी

गोष्ट जरा मागून सुरू करावी लागेल. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. म्हणून प्रत्येक अक्षराला एक आकडा द्यायचा असं ठरलं. १९६३ साली अमेरिकेत त्यासाठी एक तक्ता आला, अॅस्की नावाचा. त्यात एकूण १२८ खण. इंग्रजीची मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि काही यंत्राला द्यायच्या खुणा एवढ्यांत पेटी भरली. त्यात आपला 'क' नाही, 'ळ' तर नाहीच.

भारतात यावर काम झालं. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने इस्की नावाचा तक्ता प्रमाण केला. पहिले १२८ खण इंग्रजीला तसेच ठेवले आणि वरच्या १२८ खणांत भारतीय लिप्या बसवल्या. या कामात पुण्याच्या सी-डॅकचा मोठा वाटा. पण बाजारात वेगळंच झालं. छापखाने, वर्तमानपत्रं, लग्नपत्रिकावाले आणि सरकारी कचेऱ्या यांना उद्याचं मानक नको होतं, आज संध्याकाळी छापून मिळायला हवं होतं. मग फाँटवाल्यांनी एक जुगाड केला. इंग्रजी अक्षरांच्याच खणांत मराठी अक्षरांची चित्रं बसवली. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय, आणि पडद्यावर दिसतं मराठी.

श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव ही नावं डीटीपीच्या दुकानात काम केलेल्या कुणालाही विचारा. प्रत्येकाची खणांची मांडणी निराळी. एका दुकानातली फाइल दुसऱ्या दुकानात नेली आणि तिथे तो फाँट नसेल तर सगळा मजकूर कचरा. "फाँट पाठव ना सोबत" हे वाक्य एक अख्खी पिढी बोलत आली.

दुसरीकडे, ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. कल्पना साधी: जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा कायमचा नंबर. देवनागरीची मांडणी करताना इस्कीचाच आधार घेतला गेला. मग १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ नावाची पद्धत बांधली. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन.

आता नंदाखाल मोजा. न, अनुस्वार, द, काना, ख, काना, ल. चिन्हं सात. साता त्रिक एकवीस. आलं का लक्षात? पायथन दोन अक्षरं मोजत नव्हता, बाइट मोजत होता.

इथे एका मराठी माणसाचं नाव घ्यायलाच हवं. र. कृ. जोशी. सुलेखनकार, कवी, मुंबईत आयआयटीच्या डिझाइन विभागात शिकवणारे प्राध्यापक. विंडोज २००० सोबत जो 'मंगल' फाँट आला, तो त्यांचा. तो युनिकोडचा फाँट. तुमच्यापैकी अनेकांनी आयुष्यातलं पहिलं मराठी ईमेल त्याच अक्षरांत वाचलं असेल, नाव माहीत नसताना.

पायथन युनिकोडच्या आधी जन्मला

पायथन ही भाषा खिडो वान रॉसम या डच माणसाने १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये लोकांसमोर ठेवली. म्हणजे युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीच्या काही महिने आधी. त्यामुळे पायथनच्या मुळात मजकूर म्हणजे बाइटची माळ, एवढंच होतं. तेव्हा तेच सगळीकडे होतं, त्यात खिडोचा दोष नाही.

ऑक्टोबर २००० मध्ये पायथन २.० आली आणि तिच्यात युनिकोडचा वेगळा प्रकार जोडला गेला. म्हणजे आता घरात मजकुराचे दोन प्रकार झाले. एक जुना, बाइटवाला. दुसरा नवा, युनिकोडवाला. दोघे एकत्र आले की पायथन दोन गुपचूप एकाचं दुसऱ्यात रूपांतर करायची, आणि ते करताना गृहीत धरायची की बाइटवाला मजकूर अॅस्कीच असणार. १२८ खणांच्या आतला.

सगळं दुखणं या गृहीत धरण्यात होतं.

समजा तुम्ही एका पतपेढीसाठी सभासदांच्या यादीचा प्रोग्राम लिहिलाय. चाचणी घेताना गावाचं नाव इंग्रजीत टाकलं. चाललं. शंभर वेळा चाललं. साहेबांना दाखवलं, साहेब खूश. सोमवारी काउंटरवरच्या बाईंनी गावाच्या रकान्यात 'नंदाखाल' असं मराठीत टाइप केलं आणि प्रोग्राम कोसळला. पडद्यावर लाल अक्षरांत तक्रार: अॅस्कीला हा बाइट वाचता येत नाही, क्रमांक २२४.

हा २२४ कुठून आला? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ च असतो. म्हणजे पायथन दोनवर मराठीचं काम केलेल्या माणसाला हा आकडा आयुष्यभर लक्षात राहतो. इंग्रजी नाव असलेला ग्राहक आत जातो, मराठी नाव असलेला दारात अडतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने कुणाशी भेदभाव केलेला नव्हता. भाषेच्या आत खोलवर एक गृहीतक होतं, आणि त्याची किंमत ज्यांची लिपी त्या पेटीत नव्हती ते मोजत होते.

याहून वाईट म्हणजे जे कोसळत नाही ते. समजा ओळखपत्रावर गावाच्या नावासाठी २० जागा ठेवल्यात. प्रोग्राम बाइट मोजतो. नंदाखाल आहे २१ बाइटचं. मग शेवटचा एक बाइट कापला जातो. आता 'ल' चे तीनातले दोनच बाइट उरले, आणि ते म्हणजे काहीच नाही. कार्डावर छापून येतं 'नंदाखा' आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. कुठेही एरर नाही, कुणाला कळलंही नाही. ज्याच्या हातात कार्ड पडलं तोच बघत बसला.

३ डिसेंबर २००८

खिडो आणि मंडळींना हे दिसत होतं. त्यांनी ठरवलं की डागडुजी पुरे, एकदा पाया उकरून काढू, मागच्याशी जुळेल की नाही याची पर्वा न करता. या बेताला आधी गमतीने 'पायथन ३०००' म्हणायचे. ३ डिसेंबर २००८ ला पायथन ३.० आली.

बदल बरेच होते. प्रिंट ही आज्ञा फंक्शन झाली, म्हणजे तिला कंस लागायला लागले. पाच भागिले दोन केलं की आधी उत्तर यायचं दोन, आता यायला लागलं अडीच. पण खरा बदल मजकुराचा. आता मजकूर म्हणजे युनिकोडच. बाइट हा वेगळा प्रकार, आणि दोघांची गुपचूप सरमिसळ बंद. करायची असेल तर सांगून करा.

याचे आपल्यासाठी गोड परिणाम झाले. पायथन तीनमध्ये व्हेरिएबलचं नाव चक्क 'गाव' किंवा 'सभासद' असं देवनागरीत ठेवता येतं. '१९७३' असा मराठी आकड्यांतला मजकूर आकड्यात बदलायला सांगितला तर तो मुकाट्याने बदलून देतो. करून बघा, फोनवरच्या एखाद्या पायथन अॅपमध्येसुद्धा चालतं.

मग लोक धावत गेले का? अजिबात नाही.

कारण पायथन दोनमध्ये लिहिलेला कोड पायथन तीनमध्ये तसाच्या तसा चालत नव्हता. आणि तुमचा कोड तुम्ही बदललात तरी तुम्ही वापरता त्या लायब्ररी बदललेल्या नव्हत्या. लायब्ररीवाले म्हणायचे, आमचे वापरणारे अजून दोनवर आहेत, आम्ही कशाला बदलू? वापरणारे म्हणायचे, लायब्ररी तीनवर नाहीत, आम्ही कसे जाऊ? विरारच्या गाडीत दारात उभी असलेली माणसं आणि प्लॅटफॉर्मवरची माणसं, दोघांचीही "आधी तुम्ही सरका" अशी ओढाताण. गाडी तिथेच.

२०१० मध्ये २.७ आली आणि ती दोनच्या मालिकेतली शेवटची असेल असं जाहीर झालं. आधी सांगितलं होतं की २०१५ पर्यंत सांभाळू. पण २०१४ मध्ये लक्षात आलं की बहुतेक जग अजून जागचं हललेलं नाही, म्हणून मुदत २०२० पर्यंत वाढवली.

कोंडी फुटली ती हळूहळू. २०१२ मध्ये आलेल्या ३.३ ने थोडी माघार घेतली आणि जुन्या लिखाणाची एक खूण परत चालू केली, जेणेकरून एकच कोड दोन्हीकडे चालावा. 'सिक्स' नावाची छोटी लायब्ररी आली, दोन गुणिले तीन म्हणून सिक्स, तिने पूल बांधला. २०१३ मध्ये जँगोच्या १.५ आवृत्तीने तीनला प्रायोगिक आधार दिला. २०१७ मध्ये इन्स्टाग्रामने सांगितलं की आम्ही साधारण दहा महिन्यांत अख्खा कारभार तीनवर नेला, आणि तोही सेवा बंद न करता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जँगो २.० आली आणि तिने पायथन दोनचा हात सोडला. नंतर नमपायनेही तेच केलं.

१ जानेवारी २०२० ला पायथन दोनचा आधार संपला. एप्रिल २०२० मध्ये २.७.१८ ही शेवटची आवृत्ती निघाली आणि दार बंद झालं. तेव्हा आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरी बसलो होतो, त्यामुळे या निरोप समारंभाकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

ज्यांची गाडी सुटलीच नाही

आता कुणी म्हणेल, बारा वर्षं लागली म्हणजे पायथनवाल्यांनी घोळच घातला. पण शेजारी बघा.

पीएचपीवाल्यांनीही हेच करायचं ठरवलं होतं. त्यांची सहावी आवृत्ती आतून-बाहेरून युनिकोडची होणार होती. काही वर्षं काम झालं, गुंता वाढत गेला आणि २०१० मध्ये तो बेत गुंडाळला. पीएचपी ६ कधी आलीच नाही. पाचनंतर एकदम सात, डिसेंबर २०१५ मध्ये. ती मात्र इतकी वेगवान होती की लोक आपणहून गेले.

पर्लवाल्यांनी २००० मध्ये पर्ल ६ ची घोषणा केली. ती यायला उजाडलं २०१५. तोवर ती इतकी वेगळी झाली होती की २०१९ मध्ये तिचं नावच बदलून राकू केलं. आणि मधल्या काळात पर्ल वापरणारे बरेच जण पायथनकडे निघून गेले होते.

या तीन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक दिसतं. नवं व्हर्जन फक्त चांगलं असून भागत नाही. जुन्या घरातून नव्या घरात सामान नेण्याची वाट कुणीतरी बांधावी लागते. पायथनने ती वाट उशिरा बांधली, पण बांधली. आता पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास येते, प्रत्येकीला साधारण पाच वर्षं आधार मिळतो, आणि एका वेळी थोडंथोडंच बदलतं.

बरं, पण जायचं कशाला?

हा प्रश्न नेहमी येतो. "चालतंय की, कशाला हात लावायचा?" प्रश्न रास्त आहे, म्हणून कारणं एकेक करून बघू.

पहिलं कारण सुरक्षेचं. आधार संपला म्हणजे त्या भाषेत उद्या भोक सापडलं तर बुजवायला अधिकृतपणे कुणी येणार नाही. तुमचा प्रोग्राम इंटरनेटला जोडलेला असेल आणि त्यात लोकांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक असतील, तर धोका तुमचा एकट्याचा राहत नाही. ज्यांनी विश्वासाने माहिती दिली त्यांचा होतो.

दुसरं कारण शेजाऱ्यांचं. कुठलाही कोड एकटा राहत नाही. लायब्ररी पुढे जातात. जावाचंच घ्या. मार्च २०१४ मध्ये आलेली जावा ८ अजून कित्येक ठिकाणी चालते. पण २०२२ च्या अखेरीस स्प्रिंग बूट ३ आलं आणि त्याने सांगितलं, किमान जावा १७ पाहिजे. आता तुम्ही आठवर बसलात तर स्प्रिंग बूटही जुनंच वापरायचं, आणि त्याला जोडलेलं बाकी सगळंही. एक पायरी चुकवली की पुढच्या सगळ्या चुकतात.

तिसरं कारण वेगाचं, म्हणजे पैशाचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये पायथन ३.११ आली. ती बनवणाऱ्यांच्या मोजणीप्रमाणे ती ३.१० पेक्षा सरासरी सव्वापट वेगवान आहे. तुमच्या कोडची एक ओळ न बदलता सर्व्हरचं भाडं कमी होत असेल तर कोण नको म्हणेल?

चौथं कारण माणसांचं, आणि हे तुमच्या पिढीशी थेट जोडलेलं आहे. आपल्याकडच्या कित्येक कॉलेजांत परवापरवापर्यंत टर्बो सी++ शिकवलं जायचं. ती निळी स्क्रीन आठवते ना? ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. सी++ चं पहिलं अधिकृत मानक १९९८ चं, म्हणजे ते साधन मानकाच्याही आधीचं. त्यात साध्या पूर्णांकाची मर्यादा ३२,७६७. वीस हजार अधिक वीस हजार केलं की उत्तर यायचं उणे २५,५३६. मुलं पाठ करायची की "असंच येतं". मग तीच मुलं नोकरीच्या मुलाखतीला जायची आणि त्यांनी लिहिलेल्या पहिल्याच ओळीवर आजचा कंपायलर एरर द्यायचा. हुशारी कमी नव्हती. शिकवलेली भाषा आणि चालू असलेली भाषा यांच्यात काही वर्षांचं अंतर होतं, आणि ते अंतर मुलांनी स्वतःच्या खिशातून क्लास लावून भरलं.

पाचवं कारण आपण सुरुवातीलाच बघितलं. बरोबर असणं. नंदाखालची लांबी २१ सांगणारा प्रोग्राम आपलं नाव कधी ना कधी तोडणारच.

नंदाखालचंच एक उदाहरण

याच गावातल्या एका माणसाने केलेलं काम इथे आठवतं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो. जन्म नंदाखालचा, १९४२ चा. २०२० मध्ये उस्मानाबादला झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांचं 'सुबोध बायबल' प्रसिद्ध आहे. त्याला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला.

आता विचार करा. बायबल मराठीत आधी नव्हतं का? होतं की. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून मराठी भाषांतरं छापली जात होती. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतरही होतं. मग पुन्हा इतकी मेहनत कशाला? कारण मूळ मजकूर तोच असला तरी वाचणारे बदलले होते. त्यांच्या घरातली मराठी बदलली होती. 'सुबोध' हा शब्द नावातच आहे.

पण पुस्तक आणि सॉफ्टवेअर यांत एक फरक आहे, तो विसरून चालणार नाही. जुनं भाषांतर कपाटात शंभर वर्षं सुखाने राहू शकतं. ज्याला आवडतं तो तेच वाचेल, कुणाचं काही बिघडत नाही. जुना कोड मात्र कपाटात नसतो. तो रोज कुणाच्या तरी पैशांची, नावांची, पत्त्यांची उलाढाल करत असतो.

न जाणाऱ्यांचंही ऐकू

एकतर्फी बोलणं बरं नाही. जे थांबतात त्यांचीही कारणं असतात.

कारखान्यातलं एखादं मशीन पंधरा वर्षं एका जुन्या प्रोग्रामवर चालतंय, नेटला जोडलेलं नाही, लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेलाय. तिथे हात लावला आणि मशीन बंद पडलं तर रोजचं नुकसान. अशा ठिकाणी थांबणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो. बँकांमध्ये कोबोल आजही चालते, आणि ती १९५९ साली आखलेली भाषा आहे. चाळीस वर्षं घासून घासून त्यातल्या चुका निघाल्यात. नव्याने लिहिलं तर नव्या चुका येतील.

शिवाय नवं व्हर्जन सगळं सोडवत नाही. पायथन तीन नंदाखालची लांबी ७ सांगते, पण आपण तर ४ म्हणालो होतो! पहिलं अक्षर मागितलं तर 'नं' ऐवजी नुसता 'न' मिळतो, अनुस्वार मागे राहतो. अक्षर हा आपला हिशेब, चिन्ह हा युनिकोडचा. त्यासाठी वेगळी लायब्ररी वापरावी लागते.

आणखी एक गंमत. 'अॅग्नेस' हे नाव दोन प्रकारे टाइप होतं. काही कीबोर्ड 'अ' आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हं लावतात. काही जण २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलेलं एकसंध 'ॲ' वापरतात. डोळ्यांना सारखंच. मशीनला मात्र दोन वेगळ्या बायका. वसईसारख्या भागात, जिथे अशी नावं घरोघरी आहेत, तिथे मतदार यादी असो की शाळेचा पट, नाव शोधलं आणि सापडलं नाही तर हे एक कारण असू शकतं. ते काम तुमचं-माझं, व्हर्जन बदलून ते आपोआप होत नाही.

पण एक लक्षात घ्या. थांबायचं ठरवलं तर ते ठरवून थांबा. काय जुनं आहे, कुठे आहे, ते कुणाला कळतं, हे लिहून ठेवा. निर्णय घेऊन थांबणं वेगळं आणि कुणी बघितलंच नाही म्हणून थांबून राहणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराचं बिल नेहमी मोठं येतं. वर्षाचे दोनच आकडे साठवून जागा वाचवली होती, आठवतं? सन २००० जवळ आलं तेव्हा जगाला धावाधाव करावी लागली, आणि ते निस्तरायच्या कामावर भारतातल्या कितीतरी सॉफ्टवेअर कंपन्या वाढल्या. आपल्याला काम मिळालं हे छानच, पण बिल कुणीतरी भरलंच ना.

फाँटात अडकलेली मराठी

शेवटचा मुद्दा, आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा.

मघाशी जे जुने फाँट सांगितले, त्यांत साधारण वीस वर्षांची मराठी लिहिली गेली. स्थानिक साप्ताहिकं, दिवाळी अंक, ग्रामपंचायतींचे ठराव, शाळांच्या स्मरणिका, चर्चची आणि देवळांची पत्रकं, कुणाचे प्रबंध, कुणाच्या कविता. त्यातलं खूप काही अजून सीडीवर, जुन्या हार्डडिस्कवर, पेजमेकरच्या फाइलींत पडून आहे. गूगलला ते दिसत नाही. शोधता येत नाही. तो फाँट गेला की तो मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा ढिगारा.

मोडी लिपीचं असंच झालं होतं. शतकानुशतकं कारभार मोडीत चालला, विसाव्या शतकात ती वापरातून गेली, आणि आज पुराभिलेखागारात लाखो कागद आहेत पण वाचणारे मोजके. पण मोडीचा कागद निदान कागद तरी आहे. शिकलं तर वाचता येतो. हार्डडिस्क पंधरा-वीस वर्षांत गप्प होते, आणि मग शिकूनही उपयोग नाही.

उलट बाजू बघा. १ मे २००३ ला मराठी विकिपीडिया सुरू झाला, युनिकोडवर. त्यात तेव्हा लिहिलेला लेख आज तुमच्या फोनवर तसाच उघडतो. नंदाखाल, निर्मळ या पट्ट्यात बोलली जाणारी सामवेदी, म्हणजे कादोडी. तिला सरकारी दर्जा नाही, पाठ्यपुस्तकं नाहीत. पण आज तिथली मुलं व्हॉट्सअॅपवर कादोडीत लिहितात, देवनागरीत, आणि समोरच्याला "फाँट पाठव" म्हणावं लागत नाही. हे कुणा एका कंपनीच्या मेहरबानीने झालं नाही. मानक ठरलं, भाषा त्यावर आल्या, प्रोग्राम त्यावर आले, फोन त्यावर आले. प्रत्येक पायरीवर कुणीतरी "चालतंय की" म्हणायचं सोडून बदल केला.

म्हणून तुमच्यापैकी जे शिकताहेत किंवा नुकतेच नोकरीला लागलेत त्यांना तीन छोटी कामं.

एक. तुमच्याकडे किंवा ऑफिसात जो प्रोग्राम आहे तो कुठल्या व्हर्जनवर चालतो आणि त्याचा आधार कधी संपतो ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

दोन. चाचणी घेताना इंग्रजी नावावर थांबू नका. 'नंदाखाल' टाका, 'ज्ञानेश्वर' टाका, 'अॅग्नेस' दोन्ही प्रकारे टाका. बाइट आत येतानाच दारात त्यांचा मजकूर करा, बाहेर जाताना परत बाइट करा, आत सगळीकडे फक्त मजकूर फिरू द्या. निम्मे त्रास इथेच संपतात.

तीन. घरात, वाचनालयात, ओळखीच्या छापखान्यात जुन्या फाँटमधला मजकूर असेल तर तो फाँट कुठला होता ते आधी विचारून घ्या, फाँटची फाइलही जपून ठेवा. बऱ्याच जुन्या फाँटसाठी युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. बदलून झालं की एकदा डोळ्यांनी वाचा, कारण जोडाक्षरं आणि रफार चुकतात. पण ते काम ज्याने टाइप केलं तो माणूस आहे तोवरच सोपं आहे. उद्या फाँटचं नाव सांगणाराही सापडणार नाही.

तर मंडळी, तुमच्या गावाचं नाव पायथनमध्ये टाकून त्याची लांबी किती येते ते बघा आणि आम्हाला कळवा. तुमची अक्षरं, त्याची चिन्हं आणि बाइट, तिन्ही आकडे. सगळ्यात जास्त फरक कुठल्या गावाच्या नावात पडतो ते पुढच्या भागात सांगू. तोवर काळजी घ्या, आणि बॅकअप घ्या!